सोमवारचा ओला आवाज

गिळाताईने म्हाताऱ्याला पाण्यावाचून मारलं, ही बातमी गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास आली आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिला चांगले हातपाय फुटले. किराणावाला म्हणाला, म्हातारा तीन दिवस "पाणी, पाणी" करत होता आणि ही बया समोर बसून विणकाम करत होती. इस्त्रीवाल्याने दुरुस्ती केली, की विणकाम नव्हे, मोबाइल. चार वाजता म्हाताऱ्याचे हात खाटेला बांधले गेले. सहापर्यंत तोंडात बोळा आला. दिवस आणखी थोडा मोठा असता, तर गल्लीने गिळाताईच्या हातात कोयताही दिला असता.

आता खरं काय ते ऐका. म्हातारा गेला तो हॉस्पिटलात, फुप्फुसं भरून, चार डॉक्टरांच्या देखत. गिळाताईला विणकाम येत नाही आणि तिच्या मोबाइलात बघण्यासारखं काही नाही. राहता राहिलं पाणी. त्या माणसाच्या पोटात चौदा महिने जे पाणी गेलं, ते तिच्याच हातून गेलं, चमच्याचमच्याने, दिवसाला दीडदोनशे चमचे. मारायचंच असतं तर एक ग्लास पुरला असता. तेच तर सगळं त्रांगडं होतं.

तिचं नाव गल्लीनेच ठेवलेलं. "गिळा" हा शब्द आपण कुणाला प्रेमाने म्हणत नाही. नवराबायकोचं बिनसलेलं असलं, की ताट आपटून जो म्हटला जातो तो हा शब्द. पण गिळाताईच्या पोटापाण्याचाच तो. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन सांभाळायचं, हा तिचा धंदा. त्यातही अर्धांगवायूचा झटका येऊन गळा सैल पडलेली माणसं तिच्या वाट्याला यायची. अशा माणसाला घास दिला की म्हणावं लागतं, "हनुवटी खाली. गिळा. आता परत गिळा." दिवसातून शेकडो वेळा हे म्हटल्यावर जीभ घरी येऊन गप्प बसते थोडीच! एकदा किराणावाल्याच्या दुकानात एक गृहस्थ मान वर करून थंड पेयाची बाटली घटाघटा रिचवत होते. मागून गिळाताई कडाडली, "हनुवटी खाली!" त्यांनी दचकून अर्धी बाटली शर्टावर ओतली. तेव्हा जे नाव पडलं ते पडलंच.

अंगाने काटकुळी, पन्नाशी ओलांडलेली, हात कोपरापर्यंत धुऊन धुऊन पांढरट पडलेले. कुणीही भेटलं तरी आधी त्याच्या गळ्याकडे बघणार, मग तोंडाकडे. पूर्वी ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची. सासूला झटका आला आणि ती नोकरी सुटली. सात वर्षं सासूचं सगळं केलं. त्याबद्दल सासूने शिव्या दिल्या आणि नवऱ्याने काहीच दिलं नाही. सासू गेली ती दुपारच्या जेवणात, केळ्याच्या एवढ्याशा तुकड्याने, हिच्या डोळ्यांदेखत. वर्षभराने नवराही गेला. म्हणजे मेला नाही, नुसता गेला. मग तिने एजन्सीत नाव घातलं. अर्जात "अनुभव" असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं: सासू.

एजन्सीच्या मॅडमनी तिला नियम शिकवले. आपण नर्स नाही. सुईला हात लावायचा नाही. गोळी भरवायची नाही, फक्त आठवण करून द्यायची. अंघोळ, कपडे, खाणंपिणं, फिरवणं, सोबत, एवढंच आपलं. आणि रोजची वही. किती प्यायलं, किती खाल्लं, पोट साफ झालं का, मन:स्थिती कशी. जे पाहिलं ते वहीत.

म्हातारा राहायचा कोपऱ्यावरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. उभा जन्म त्याने वजनमापांचा निरीक्षक म्हणून काढलेला. बाजारातले लोक त्याला काटासाहेब म्हणायचे. तो पेठेच्या तोंडाशी दिसला, की दुकानदारांना वजनं पुसायची आठवण व्हायची. एकदा म्हणे त्याने सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाचा तराजू जप्त केला होता, आणि बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. ती बायको गेली. मग झटका आला आणि उजवं अंग, अर्धं तोंड आणि गळा घेऊन गेला. डोकं तेवढं शाबूत ठेवलं. देवाला हिशेब कळतो असं नाही.

हॉस्पिटलातून घरी सोडताना गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. घन घास एक वेळ चालेल, पण पातळ पाणी याचा वैरी. ते पोटाऐवजी श्वासाच्या नळीत उतरतं आणि याला ठसकाही धड येत नाही. तेव्हा पाणी असो की चहा, सगळं पावडर घालून घट्ट करायचं. कपाला दोन मापं, ढवळायचं, दोन मिनिटं ठेवायचं. काट्याच्या चमच्यावर घेतलं तर फटीतून ओघळता कामा नये.

पहिल्या दिवशी गिळाताई डबा उघडून माप भरू लागली, तसा खाटेवरून आवाज आला. अर्ध्या तोंडातून शब्द भिजून यायचे, पण हुकूम सुकाच होता.

"ढीग नको. सपाट."

तिने सुरीच्या पाठीने माप सपाट केलं.

"आता ठीक. मागच्या बाईचं माप चोरीचं होतं."

"कमी घालायची?"

"जास्त. जास्तही चोरीच." मग त्याने पहिला चमचा तोंडात घेतला आणि तिने म्हटलं, "गिळा." त्याने गिळलं, आणि डाव्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. "बाई, माझी बायको रागावली की हेच म्हणायची. तू पगार घेऊन म्हणतेस."

"आणि परत गिळा," गिळाताई म्हणाली.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. म्हणजे दिवसभर भांडण चालायचं. पाण्याला तो "खळ" म्हणायचा. "आण तुझी खळ. पाकिटं चिकटवायची आहेत का?" दर जेवणानंतर अर्धा तास त्याला ताठ बसवावं लागे, तेव्हा ती त्याच्या समोर बसून पेपर वाचून दाखवायची आणि तो बातम्यांतल्या आकड्यांवर संशय घ्यायचा. खाणंपिणं झालं की त्याचं तोंड ती बोटाला कापड गुंडाळून आतून पुसायची. रात्री दुसरी एक बाई झोपायला यायची. तिचं काम फक्त झोपण्याचं होतं, आणि ते ती मनापासून करायची.

आणि रविवारी तीन ते पाच लेक यायची.

लेक दोन तासांच्या अंतरावर राहायची, विम्याच्या ऑफिसात वरच्या हुद्द्यावर होती. दार उघडण्याआधी तिचा आवाज घरात शिरायचा. "बाबाऽ! आज कसे टवटवीत दिसताय!" हातात द्राक्षं, पुस्तकं, लोकरीची शाल, मफलर, म्हणजे बापाला न चालणाऱ्या किंवा न लागणाऱ्या सगळ्या वस्तू. गिळाताईला ती म्हणायची, "ताई, तुम्ही जरा मोकळ्या व्हा. दोन तास मी आहे ना." बापाची लाळ गळाली की ती खिडकीबाहेर बघायची. कपडे बदलायची वेळ आली की तिला नेमका फोन यायचा. वाईट नव्हती ती. जमत नव्हतं तिला, एवढंच.

गिळाताईच्या सुट्टीचे ते दोन तास जायचे खालच्या शिंपिणीच्या दुकानात. दुकान बरोबर काटासाहेबाच्या खिडकीखाली. शिंपीण जिभेने कात्रीपेक्षा जास्त कापड कापायची.

"बस गं, पण कान इकडे ठेव. वरच काय ऐकतेस? तुझा काय प्रियकर आहे तिथं?"

"गप. ठसका लागला का?"

"मला काय ठाऊक! माझं मशीन चालू आहे."

"बंद कर ना जरा."

शिंपीण शिवी हासडून मशीन थांबवायची. वरून बारीक ठसका यायचा. गिळाताई बोट मुडपायची. एक. थोड्या वेळाने दोन.

पाचला ती वर जायची तेव्हा मोरीच्या कठड्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. वहीत लेकीच्या टपोऱ्या अक्षरात नोंद: चहा, एक कप, घट्ट करून. पण पावडरीच्या डब्यातलं माप गिळाताई नेहमी दांडा डावीकडे करून ठेवायची, आणि दांडा डावीकडेच असायचा. पावडरीचा वरचा थरही तिने सुरीने सपाट केलेला, तसाच.

सोमवारी सकाळी ती म्हाताऱ्याला म्हणायची, "आजोबा, 'आ' करा." छातीला नळी लावायचा अधिकार तिला नव्हता. पण आवाज ऐकायला कोण अडवतं? मंगळवार ते शनिवार त्याचा "आ" घोगरा पण कोरडा असायचा. सोमवारचा "आ" ओला. घशात घोटभर पाणी ठेवून गुळणी करता करता बोलावं तसा. पातळ काहीतरी चुकीच्या वाटेने गेल्याची ती खूण.

पाचव्या महिन्यात ताप भरला. छातीत जंतू. नऊ दिवस हॉस्पिटलात काढून म्हातारा परत आला तो आठ किलोने कमी होऊन. "माझं वजन तपासून घे," म्हणाला, "मधल्यामध्ये कुणी मारलं बघ." परत आल्यानंतरच्या दुसऱ्याच सोमवारी आवाज पुन्हा ओला. गिळाताईने खुर्ची त्याच्या तोंडासमोर ओढली.

"काल चहा कसा होता?"

"पातळ." जन्मभर खोटी मापं पकडलेल्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं.

"पावडर?"

"नाही घालत ती. कधीच नाही. माझं तोंड वाकडं झालेलं तिला बघवत नाही."

"आणि तुम्ही पिता."

"अर्धा कप. मोजून."

"मोजून मरायचंय का?"

"बाई, ऐक." त्याला एवढं बोलायला किती वेळ लागला ते लिहीत बसण्यात अर्थ नाही. दूध उतू जाऊन थंड झालं असतं. "झटक्याआधी ही वर्षातून दोनदा यायची. खाली गाडी थांबवून ठेवायची. आता दर रविवारी येते. का? माझं थोबाड बघायला? तिला माझं काही करता येत नाही. उचलता येत नाही, पुसता येत नाही. चहा तेवढा येतो. तिच्या आईसारखा करते. तो बंद केलास, की दोन रविवार बसेल मोबाइल घेऊन. तिसऱ्या रविवारी फोन करेल."

"आणि चालू ठेवला तर फोन घ्यायला तुम्ही नसाल."

"तू सांगणार नाहीस."

"मला सांगावंच लागेल. जे पाहिलं ते वहीत."

म्हाताऱ्याचा डावा डोळा चमकला. "तू पाहिलंस कुठे?"

निरीक्षकच तो. नियमाला भोक कुठे असतं, हे चाळीस वर्षं दुकानदारांनी त्याला शिकवलं होतं.

गिळाताईने तिच्या परीने हातपाय मारले. एका रविवारी तिने स्वत: चहा केला, घट्ट केला, थर्मासमध्ये भरून लेकीच्या हातात दिला. पाचला थर्मास मोरीत रिकामा पालथा, आणि मोरीच्या जाळीत तो चहा चिखलासारखा अडकलेला. एकदा तिने जाता जाता आडून सांगून पाहिलं, "चहा देताना त्यांना ताठ बसवा हं. हनुवटी खाली. आणि कपाने नको, चमच्याने." लेक हसली, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. "ताई, बापाला चहा कसा द्यायचा ते आता मी तुमच्याकडून शिकू?"

सरळ का नाही सांगितलं? शिंपिणीने हे तिला शंभर वेळा विचारलं. "अगं, त्या बयेला खडसाव ना! नाहीतर मॅडमना सांग. म्हातारा मरेल आणि बिल तुझ्या नावावर फाटेल."

"लिहिलंय मी वहीत," गिळाताई म्हणायची.

आणि इथेच ती चुकली. तिने खरोखरच लिहिलं होतं. दर सोमवारी, न चुकता: आवाज ओला. म्हाताऱ्याचा शब्द मोडायचा नाही आणि नियमही मोडायचा नाही, यातून तिने काढलेली ही वाट. कुणीतरी वाचेल, सोमवार जोडून बघेल, रविवारी काय होतं म्हणून विचारेल. मग आपण सांगितल्यासारखं नाही, त्यांनी शोधल्यासारखं होईल. लिहिलं म्हणजे सांगितलं, असं तिला वाटत राहिलं. वह्या भरणाऱ्या माणसांना हे असं वाटतंच. वही असते उशाशी, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि ती उघडतं कोण? महिन्यातून एकदा डॉक्टर यायचे, पान उलटायचे, "पोट साफ? छान," म्हणायचे आणि मिटायचे. मॅडम यायच्या, शेवटी सही करायच्या. लेक तर त्याच वहीत लिहायची, "घट्ट करून". मागच्या पानावर काय आहे ते तिने कधी पाहिलं नाही.

दहाव्या महिन्यात दुसऱ्यांदा ताप. या वेळी अठरा दिवस. डॉक्टर म्हणाले, आता आणखी एक झाला तर हा माणूस झेलणार नाही. लेकीने डोळ्याला रुमाल लावला. मॅडमनी गिळाताईला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पावडर बरोबर घालता ना?"

"सपाट माप. कपाला दोन."

"मग कसं होतं हे?"

गिळाताईने वही पुढे केली. मॅडमनी ती बगलेत धरली, फोन वाजला म्हणून खाली गेल्या आणि दोन दिवसांनी सही करून परत पाठवली.

त्यानंतर महिनाभर लेकीने चहा केला नाही. घाबरली होती. म्हाताऱ्याचं भाकीत मात्र मापात बसलं. पहिले दोन रविवार ती मोबाइल बघत बसली. तिसऱ्याला फोन केला, काम आहे म्हणून. चौथ्याला फोनही नाही. त्या रविवारी दुपारी तीन ते पाच म्हातारा दाराकडे बघत बसला. "जेवा," म्हटलं तर तोंड घट्ट मिटलं. "पाणी?" नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायचा. खरं म्हणजे "पाण्यावाचून" म्हणावं असं जे काही त्या घरात घडलं, ते या दीड दिवसात. मंगळवारी गिळाताईने स्वत: लेकीला फोन लावला.

"येत्या रविवारी या."

"काय करू येऊन?" लेक पलीकडून म्हणाली. "बसून बसून जीव जातो माझा."

गिळाताई म्हणाली, "ते वाट बघतात." चहाबद्दल ती काही बोलली नाही. द्या असंही नाही, देऊ नका असंही नाही.

लेक आली. कप पुन्हा दोन झाले.

तो शेवटचा रविवार चौदाव्या महिन्यातला. गिळाताई शिंपिणीच्या दुकानात खाली मान घालून बटणं लावत होती. वरून एक ठसका आला. दोन. तीन. चार. मग एकदम काहीच नाही. ठसक्यापेक्षा तिला धास्ती या शांततेची. सासूही आधी ठसकली होती आणि मग गप्प झाली होती. बटणं सांडली. शिंपीण ओरडेपर्यंत ती अर्धा जिना चढून गेली होती.

तिने किल्लीने दार हळूच उघडलं. खोली उन्हाने भरलेली. म्हातारा उश्यांना टेकून ताठ बसलेला आणि हसत होता. आवाज न होणारं हसू, अख्खं अंग हलवणारं. लेक खाटेवर त्याला खेटून बसली होती, हातात कप.

"लाख लावून सील केली होतीत, बाबा! माझी खेळण्यातली तागडी! मी सहा वर्षांची! म्हणे एक पारडं जड आहे!"

"होतंच," म्हातारा म्हणाला. "मोजलं होतं."

चहा त्याच्या हनुवटीवरून ओघळून मफलरवर चालला होता. आणि लेक तो पुसत होती. रुमाल शोधत नव्हती, खिडकीबाहेर बघत नव्हती. स्वत:च्या बाहीने, ऑफिसच्या चांगल्या कपड्यांच्या बाहीने, हसता हसता बापाचं तोंड पुसत होती. तिची पाठ दाराकडे होती. म्हाताऱ्याचा डावा डोळा मात्र दाराकडे वळला आणि गिळाताईवर थांबला. तिला सगळं दिसतंय हे त्याला दिसलं. त्याने पुढचा घोट घेतला, तिच्याकडे बघत हनुवटी खाली केली, गिळलं आणि परत गिळलं. शहाण्या विद्यार्थ्यासारखं.

गिळाताईने दार ओढून घेतलं आणि ती खाली आली.

"मेला का?" शिंपिणीने विचारलं.

"नाही. हसतायत."

संध्याकाळी वही तिच्या पुढ्यात होती. लेकीची नोंद होतीच: चहा, एक कप, घट्ट करून. आता पाहिलं नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. ती बराच वेळ पेन धरून बसली. मन:स्थितीच्या रकान्यात चौदा महिने "शांत" किंवा "चिडचिड" असंच लिहिलेलं. तिथे तिने लिहिलं: आनंदी. बाकी काही लिहिलं नाही.

सोमवारी आवाज ओला. मंगळवारी ताप. बुधवारी हॉस्पिटल. शनिवारी संपलं.

आठवड्याने गिळाताई किल्ली परत करायला गेली. लेक स्वयंपाकघर आवरत होती. भांडी खोक्यांत, कप वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पावडरीचा डबा हातात धरून उभी होती, उरला होता अर्धा.

"हे आता कुणाला द्यायचं, ताई?"

"एजन्सीत द्या. कुणाला तरी लागेल."

लेकीने झाकण लावलं, पुन्हा काढलं. "एक विचारू? मी रविवारी चहा द्यायचे ना त्यांना. पावडर कधी कधी... राहून जायची. तेवढ्याने काही होत नसेल ना? एका कपाने?"

गिळाताईने सवयीप्रमाणे तिच्या गळ्याकडे पाहिलं. कोरडा आवंढा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. खाली उतरेना.

"छे हो," गिळाताई म्हणाली. "एका कपाने काय होतंय."

लेक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. रडून झाल्यावर मोकळी दिसली. तोंड धुतलं, गिळाताईचे हात हातात घेतले, दोन पिशव्या उचलल्या आणि जिना उतरू लागली. आणि माणसाचं डोकं कसं असतं बघा. वरच्या पायरीवर जे ओझं उतरलं, ते खालच्या पायरीपर्यंत दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला तयार. चहाने नाही, तर मग कशाने? घरात दिवसभर कोण होतं? भरवत कोण होतं? किराणावाल्याच्या दुकानाशी ती टॅक्सीची वाट बघत उभी राहिली, तोवर तिचा हिशेब झाला होता. "माणूस ठेवूनही असं होतं," ती म्हणाली. "रात्रीची बाई सांगत होती, एकदा तर दीड दिवस पाण्याचा थेंब नव्हता त्यांच्या पोटात." किराणावाल्याला एवढं सूत पुरलं. पुढचं कापड गल्लीने विणलं, ते वर सांगितलंच.

तक्रार एजन्सीतही गेली. मॅडमनी गिळाताईला बोलावलं आणि तिच्यासमोर वही उघडली. पहिल्यांदाच, पहिल्या पानापासून. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"सोमवार, आवाज ओला. सोमवार, आवाज ओला. ताई, हे काय आहे? रविवारी काय व्हायचं?"

"माझी सुट्टी असायची."

"घरात कोण असायचं?"

"लेक."

"मला कळतंय सगळं. तुम्ही एक ओळ लिहून द्या, तक्रार इथल्या इथे मिटवते."

"वहीत आहे ना, घट्ट करून म्हणून. बापाच्या वहीत लेक खोटं कशाला लिहील?"

मॅडमनी वही मिटली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आवाज ओला झाला तर मला फोन करायचा असतो, ताई. लिहून ठेवायचं नसतं."

"हे मात्र खरं," गिळाताई म्हणाली. त्यावर तिने एकही सबब दिली नाही.

तीन महिने तिला काम मिळालं नाही. त्यानंतर मिळायला लागली ती दुसऱ्या कुणी न घेतलेली घरं, जिथे डॉक्टरांनी हात टेकलेत आणि माणूस दिवस काढतो आहे. अशा घरांतून माणसं जातातच. मग गल्ली बोटं मोजते, की बघा, हिने आणखी एक संपवला. किराणावाला तिला सुटं सामान देताना आता वजन दोनदा दाखवतो, जणू तीच खोटी. बायका तिच्यासमोर पाणी पीत नाहीत.

शिंपिणीला हे सहन होईना. एका दुपारी तिने कात्री टेबलावर आपटली.

"बये, माझ्या दुकानात बसून तू ठसके मोजलेस. मी साक्षीला आहे. मशीन बंद करून करून माझं अर्धं गिऱ्हाईक गेलं. तू नुसती हो म्हण. मी आजच त्या किराणावाल्याच्या तोंडाला कुलूप घालते, आणि त्या लेकीला फोन करून सुनावते, की चहा तूच पाजलास, आणि चहानेच गेला तुझा बाप. चोर सोडून संन्याशाला फाशी! का गप्प बसतेस तू?"

गिळाताईने सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "बाप गेला तिचा. आता चहापण काढून घेऊ?"